सरावाचं स्वयंपाकघर

३ मार्च

धाकटे,

अनेक आशीर्वाद. तू लिहितेस, 'जाऊबाई, तिथलं सविस्तर कळवा.' कळवते, पण जेवायला बसली असशील तर हे पत्र आधी बाजूला ठेव.

इथे शिरल्या शिरल्या फिनेलचा वास येतो. आणि ज्या वासासाठी ते फिनेल ओतलेलं असतं, तोही फिनेलच्या खालून येतोच. हॉटेलांची आणि खानावळींची स्वयंपाकघरं तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. जिथे फिनेलचा घमघमाट, तिथे मी आधी मोरीचं झाकण उचलायला लावायची. इथे मात्र मी कॉटवर पडलेली, झाकण कोण उचलणार? ज्या फडक्याने जेवणाची टेबलं पुसतात त्याच फडक्याने कॉटचे कठडे पुसतात. मी एकीला म्हटलं, बाई गं, दोन फडकी ठेवा. ती माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "आजी किती गोड बोलतात!" मी गोड बोलले नव्हते. आणि तोच हात तिने आधी कुठे कुठे लावला होता, ते मी पाहिलं होतं.

सकाळी एक येते नि म्हणते, "चला आजी, आता आपण शू करूया हं." आपण म्हणे! तूही बसणार आहेस का माझ्या शेजारी?

खुब्याचं हाड मोडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, चालायला लागेपर्यंत थोडे दिवस या शुश्रूषा केंद्रात राहा. थोड्या दिवसांचा हिवाळा झाला. आता वॉकर धरून मी सगळा व्हरांडा चालते. पण इथे आलेल्याला बाहेर काढणं म्हणजे मांजराच्या तोंडातून उंदीर काढणं. त्यासाठी एक बाई नेमल्या आहेत. म्हाताऱ्यांना त्यांच्या घरी परत पोचवायचं, एवढंच त्यांचं काम. मी त्यांना पाठवणीबाई म्हणते. माणूस बरा आहे. निदान माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघतात, माझ्या मुलाकडे नाही.

त्यांनी सांगितलं की घरी जायचं तर काही गोष्टी करून दाखवायला हव्यात. कॉटवरून खुर्चीत, खुर्चीवरून संडासात, चार पायऱ्या वर-खाली. शेवटी सरावाच्या स्वयंपाकघरात एक कप चहा करायचा. एवढं जमलं की घर.

आणि महिनाअखेरीच्या आत जमलं पाहिजे. आमचे चिरंजीव म्हणतात, रिकाम्या घराचं भाडं भरत बसण्यात काय अर्थ आहे, आई? घर मालकाला देऊन टाकू, तू इथेच राहा, इथे तुझी काळजी घेतात. तो हे म्हणत होता तेव्हा पलीकडच्या कॉटवरच्या बाईंच्या हनुवटीवर सकाळचं सूप तसंच वाळलेलं होतं. त्याला ते दिसलं नाही. अशी काळजी घेतात. त्या घरात मी तुझ्या भाऊजींबरोबर राहिले, त्यांच्यामागे एकटी राहिले, आणि मरायचं तर तिथेच, माझ्या स्वतःच्या धुतलेल्या चादरीवर.

फोन करू नकोस. माझ्या कानातलं यंत्र यांच्या लॉन्ड्रीत गेलं आणि स्वच्छ धुऊन, मरून परत आलं. नवीन यायला वेळ आहे. पत्र लिही.

तुझी थोरली जाऊ


९ मार्च

ती. जाऊबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र मी जेवतानाच वाचलं. ऐकलं नाही तुमचं, आणि भोगलं. ताट तसंच सारून ठेवलं.

पण जाऊबाई, चार दिवस जरा नाक मिटून घ्या ना! तिथल्या मुली काही तुमच्या हॉटेलवाल्यांसारख्या तुम्हाला घाबरणाऱ्या नाहीत. तुमची ती नजर मला ठाऊक आहे. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही माझ्या घासलेल्या पातेल्यात बोट फिरवून बघितलं होतंत, काही न बोलता. मी आठवडाभर धसक्याने जेवले नव्हते.

तुमच्या पाठवणीबाईंचा मला फोन आला होता. घरच्या माणसांकडून माहिती हवी असते म्हणे. चांगला अर्धा तास बोललो. काय मनमोकळी बाई आहे! मी तुमची तोंड दुखेपर्यंत स्तुती केली. असं घर ठेवणारी बाई आमच्या अख्ख्या घराण्यात नाही म्हणाले, आणि तुमचे दोन-चार किस्से पण सांगितले. त्या खूप हसल्या. काम झालंच समजा.

मुलावर रागावू नका. त्याला तुमची भीती वाटते आणि तुमच्याबद्दलही वाटते. दोन्ही एकदम वाटलं की माणूस मूर्खासारखा वागतो.

चहा तर तुम्ही झोपेतसुद्धा कराल. घरी गेलात की कळवा.

तुमची धाकटी


१७ मार्च

धाकटे,

मी चहात नापास झाले.

परत वाच. सत्तर गावच्या हॉटेलांना पाणी पाजलेली तुझी जाऊ एक कप चहा करू शकली नाही. इथल्या लोकांच्या लेखी तरी.

सरावाचं स्वयंपाकघर व्हरांड्याच्या टोकाला आहे. विजेची शेगडी, एक ओटा, कपाटावर 'चहा', 'साखर', 'कप' अशा मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या. आम्ही सगळे बालवाडीत. चाचणी घेणारी मुलगी हातात घड्याळ घेऊन उभी. म्हणाली, "करा सुरुवात, आजी."

मी भांडं उचललं. त्याच्या काठाला जुन्या दुधाची पिवळी साय वाळून चिकटलेली. बुडाशी चहाचा काळा थर, नखाने खरवडला तर निघेल असा. आदल्या म्हाताऱ्यांनी त्यात सराव केला असणार आणि पाण्याखाली नुसतं फिरवून ठेवलं असणार. साखरेच्या डब्यात ओला चमचा घालून घालून गोळे झालेले, आणि एका गोळ्याला केस. पांढरा, लांब.

मी म्हटलं, "हे भांडं घासलेलं नाही."

ती म्हणाली, "त्याची काळजी करू नका. तुम्ही फक्त चहा करा."

मी घासायला घेतलं. पण स्पंजलाच असा आंबूस वास की भांड्याआधी त्याला धुवायला हवं. म्हणून थोडं पाणी उकळलं आणि त्या स्पंजवर ओतलं. मग भांडं घासलं, विसळलं. नळाच्या तोंडावर शेवाळ होतं, ते पुसलं. भांडं मात्र असं लखलखीत निघालं की तुझ्या माझ्या तोंडाचं प्रतिबिंब दिसावं. मी पाणी ठेवायला वळले तर ती म्हणाली, वेळ संपली.

संध्याकाळी पाठवणीबाई कॉटशी येऊन बसल्या, खूप वाईट चेहरा करून. कागदावर काय लिहिलं आहे ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. 'काम काय सांगितलं ते लक्षात राहत नाही. एकाच क्रियेत अडकून पडतात. उकळतं पाणी शेगडीवरून उचलून भलतीकडे ओततात. घरी एकट्या राहणं धोक्याचं.' भलतीकडे! त्या स्पंजमध्ये काय जिवंत होतं ते त्या पोरीला कुणी शिकवलेलं नाही, आणि डोकं फिरलेली मी.

आणि शेवटची ओळ ऐक. 'ही सवय जुनीच असल्याचं घरच्या माणसांकडून समजतं.'

कोण घरची माणसं? मला कुणीतरी वेडी ठरवलं आहे, धाकटे. चिरंजीव आले तेव्हा मी विचारलं. तो म्हणाला, मी काही बोललो नाही, पण आई, डॉक्टर म्हणत असतील तर... आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मी त्याला म्हटलं, चालता हो. साऱ्या खोलीने ऐकलं. पलीकडच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं टीव्ही लागला.

मला आता या भिंतींचीसुद्धा किळस येते. त्यांना हात लावून चालावं लागतं, म्हणून चालणंही कमी केलं आहे. तेही कुणीतरी लिहून घेतलं असेल.

थोरली


२२ मार्च

ती. जाऊबाई,

हे पत्र फाडण्याआधी शेवटपर्यंत वाचा एवढीच विनंती.

मुलाला बोलू नका. घरचं माणूस म्हणजे मी.

त्या पाठवणीबाईंना मी जे किस्से सांगितले, त्यात एक साबणाचा होता. तुम्ही आमच्याकडे आला होतात, न्हाणीघरातला साबण हातात घेण्याआधी तुम्ही तो आधी धुऊन घेतलात, मग त्याने हात धुतले, आणि मग परत साबण धुऊन ठेवलात. आम्ही घरात अजून त्यावरून हसतो. मी सांगितलं, 'आमच्या जाऊबाई साबणसुद्धा धुऊन ठेवतात, नळ सोडायच्या आधी नळ धुतात, आणि हे आजचं नाही, पहिल्यापासून.' मला वाटलं, कौतुक चाललं आहे. त्या हसल्या, मीही हसले. आणि हसत हसत त्यांनी ते टिपून घेतलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी खोड माझी आई सांगून सांगून गेली.

परवापासून मला अन्न गोड लागत नाही. मी फोन करून त्यांना सगळं सांगितलं. तुम्ही काय नोकरी करत होतात ते सांगितलं. त्या म्हणाल्या, ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितलीच नाही. त्या भल्या आहेत, जाऊबाई, पण लिहिलेलं खोडता येत नाही म्हणाल्या. दुसरी चाचणी लावता येते, ती त्या लावतात. शिवाय पहिले पंधरा दिवस घरात सोबतीला कुणी असेल तर बरं, असंही म्हणाल्या. मी लगेच सांगितलं की मी येते. माझा मुलगा कुरकुरला, पण तिकीट काढून दिलं.

आता ऐका. भांडं परत तसंच झालेलं असणार. साखरही तीच. तुम्ही काही म्हणायचं नाही. हात लावायचा नाही, वास घ्यायचा नाही, डोळे मोठे करायचे नाहीत. त्याच भांड्यात पाणी घालायचं, चहा करायचा, कपात ओतायचा. आणि ती मुलगी प्या म्हणाली तर प्यायचा. एकदाच, जाऊबाई. डोळे मिटून गिळा.

मला शिव्या द्यायच्या असतील तर घरी आल्यावर द्या. मी समोर बसून ऐकेन.

तुमची धाकटी


३० मार्च

धाकटे,

तुझं पत्र फाडलं नाही, कारण फाडलेले कपटे इथे कुणी उचलत नाही, आठवडाभर पायात येतात.

तू मूर्ख आहेस. हे तुला आपल्या सासूबाईंनी सांगायला हवं होतं, त्या भिडस्त होत्या. कुणासमोर काय बोलावं याचा पाचपोच तुला नाही, आणि म्हातारपणी येईल असं मला वाटत नाही. पण तू कबूल केलंस. या इमारतीत चूक कबूल करणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. म्हणून एवढ्यावर सोडते.

मी चहा केला.

त्याच भांड्यात. या वेळी बुडातून सायीचा तुकडा तरंगत वर आला, मी तो बघितला आणि पत्ती टाकली. साखरेचा गोळा फोडला. त्या मुलीने मान डोलावत काहीतरी लिहिलं. मी कपात ओतला, ती म्हणाली, "आता बसून प्या, आजी, मजेत." मी प्याले. जिभेला तेलकट लागलं. मी तिच्याकडे बघून म्हटलं, "छान झालाय." तिने टाळ्या वाजवल्या. "बघा, मनात आणलं की जमतं!"

असल्या भांड्यात चहा उकळणाऱ्या हॉटेलांना मी कुलपं ठोकली आहेत. आणि इथे मी तो पिऊन दाखवला, म्हणून माझं डोकं ठिकाणावर आहे असं ठरलं. घाण न दिसणं म्हणजे शहाणपण. थुंकायलासुद्धा गेले नाही, कुणी बघेल म्हणून. दिवसभर तोंडात ती चव होती. त्या चहाची होती की त्या 'छान झालाय'ची, सांगता येत नाही.

पाठवणीबाईंनी त्यांचं काम चोख केलं. माझं घर बघून आल्या. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या, संडासाची बैठक उंच केली, दिवाणखान्यातली सतरंजी गुंडाळून ठेवायला लावली. त्यांच्यासमोर चिरंजीवांनी अट घातली. म्हणाला, "ठीक आहे, आई. पण एक जरी गडबड झाली, पडलीस, गॅस राहिला, कपड्यांत... म्हणजे काहीही झालं, तरी परत इथे. मग हट्ट करायचा नाही." मी हो म्हटलं. तो शब्द पूर्ण न करता तोंड वाकडं करून थांबला ना, ते मी पाहिलं. लहानपणी औषध प्यायला असंच करायचा.

चार तारखेला निघते. तू आदल्या दिवशी ये, किल्ली खालच्या बाईंकडे आहे. आल्या आल्या झाडू मारू नकोस. मला बघू दे, घराचं काय झालं आहे ते.

थोरली


२६ एप्रिल

धाकटे,

तू जाऊन आठवडा झाला. समोर होतीस तोवर मला हे बोलता आलं नाही. जेवलो, भांडलो, पत्ते खेळलो, तू रडीचा डाव खेळलीस, पण त्या सकाळबद्दल आपण दोघीही एक अक्षर बोललो नाही. आता लिहिते.

पोट साफ व्हायचं ते औषध मी जास्त घेतलं होतं. जाग आली तेव्हा घाई होती. वॉकर धरला, उंबऱ्याला त्याचा पाय अडला, मी मागे येऊन परत कॉटवर बसले. आणि तिथेच झालं. चादर, गादी, परकर, सगळं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोऱ्या, दुसऱ्यांची गटारं बघून नाक मुरडलं. त्या दिवशी वास माझा होता. मला माझी इतकी किळस आली की तुला हाक मारण्याऐवजी मी तशीच बसून राहिले. वाटलं, वाळू दे, कुणाला कळायला नको. केंद्रातल्या त्या बाईच्या हनुवटीवरचं सूप मी तुला तोऱ्यात लिहून कळवलं होतं.

तू आपणहून आलीस. एकदा बघितलंस. "पाणी कोमट करते," म्हणालीस. मला वाटलं होतं तू बोलत सुटशील. तू कधी नव्हे ती गप्प राहिलीस. मला पुसलंस, न्हाणीघरात नेलंस, दांडी धरायला लावलीस. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते, कुठे नाक आक्रसतं का, ओठ मुडपतात का. धाकटे, माझ्या नजरेतून आजवर कुणी सुटलेलं नाही. तुझ्या तोंडावर काही नव्हतं. नंतर तू साबण धुऊन ठेवलास, तेही मी बघितलं.

आता पुढचं. गादी तू गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातली होतीस. खालच्या बाईंनी ती बघितली, आणि परवा चिरंजीव आले तेव्हा त्यांना जिन्यातच गाठून काळजीने सांगितलं. शेजाऱ्यांची काळजी कशी असते, तुला माहीत आहे. तो वर आला. बसला नाही. "आई, गादी का धुतली होतीस?" मला नवीन यंत्रातून अगदी स्वच्छ ऐकू आलं, पण मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्याने परत विचारलं. मी म्हटलं, "काकूला विचार."

माझ्या तोंडून ते निघेना. खरंही निघेना आणि खोटंही. तो म्हणाला, विचारतो. आणि जाताना म्हणाला, केंद्रात अजून कॉट रिकामी आहे, मी फोन करून ठेवतो.

त्याचा तुला फोन येईल. खोटं बोल म्हणून मी तुला सांगणार नाही. जन्मभर ज्यांनी मला खोटं सांगितलं त्यांना मी दंड केला. तू खरं सांगितलंस तरी मी रागावणार नाही. हे खरंच लिहिते आहे.

थोरली


४ मे

ती. जाऊबाईंना नमस्कार.

तुमच्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "काकू, खरं सांग. गादी का धुतली?"

मी म्हटलं, "अरे बाबा, कुठल्या तोंडाने सांगू तुला? माझी कंबर धरली होती म्हणून त्या रात्री तुझ्या आईने मला तिच्या कॉटवर झोपवलं, आपण दिवाणावर झोपली. आणि मला परगावचं पाणी बाधलं. पहाटे उठवलंच नाही. सगळी गादी घाण केली मी. तुझी आई बिचारी वॉकर धरून उभी राहिली आणि कुठलं फडकं कशाला ते एकेक सांगत होती, एका शब्दाने बोलली नाही मला. म्हणून तर तिने तुला सांगितलं नाही. माझी लाज राखली तिने. आणि तू आज तेच मला फोनवर विचारतोस."

तो म्हणाला, "शी, काकू." म्हणजे तोंडून निघून गेलं त्याच्या. लगेच "सॉरी, सॉरी" म्हणाला. मग म्हणाला, केंद्रातली कॉट नको म्हणून सांगतो, आणि आईला सांगू नकोस मला हे कळलं म्हणून. मी बरं म्हटलं. तेव्हा तुम्हाला काही माहीत नाही, असं धरून चाला.

पण पोरगा काळजीवाला आहे ना. त्याने माझ्या मुलाला फोन केला. काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही. काल बाजारातून येऊन बघते, तर सून माझ्या पलंगावर रबरी चादर घालतेय. चांगली आहे, गुणी आहे, पण नाकाला रुमाल बांधून घालत होती. कोऱ्या गादीला, जाऊबाई! मला हसू आलं आणि मग आलं नाही.

मी काही बोलले नाही. कूस बदलली की ती चादर करकर वाजते आणि पाठीला घाम येतो, पण झोप लागते मला. तुम्ही आपल्या घरी, आपल्या चादरीवर झोपा.

तुमची धाकटी